ठाणेकर गटातली पहिली

ज्या सकाळी आम्ही कोपरी सोडली, त्या सकाळी मी सहा किलोमीटर धावून आले होते. टेम्पो आठला येणार होता. सामान बांधून झालं होतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून बूट चढवले आणि मिठबंदर रोडला गेले. रोजची खाडी, रोजचाच तो चिखलाचा वास, रोजचेच दोन पेन्शनर काका राजकारणावरून भांडत चाललेले. आज शेवटचं, असं मी कोणाला सांगितलं नाही. परत आले तर टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा आणि बाबा ड्रायव्हरला कपाट आडवं घालू नकोस म्हणून बजावत होते. खोलीचे पडदे बोचक्यात गेलेले, दार सताड उघडं. कपडे बदलायला आडोसाच नव्हता. शेवटी घामाचा टी-शर्ट आणि धावायचे बूट अशा अवतारातच मी माझं जन्माचं घर सोडलं.

निरोपाला सगळी चाळ बाहेर आली. विहाराशेजारच्या मावशी, वरच्या माळ्यावरचे लोक, आणि माझी सविता. सविता म्हणजे समोरच्या खोलीतली, पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. कोणी डोळे पुसले, कोणी डबा दिला, पण जाताना प्रत्येकाने बाबांना एकच गोष्ट बजावली. "काका, आधार बदलू नका हां. रेशन कार्ड, मतदान, सगळं इथलंच राहू द्या."

तुम्ही जे कोपरीत राहिलात आणि तुम्ही जे बदलापूर, वांगणी, आसनगावला पांगलात, तुम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे. आपल्यात माणूस जातो, पत्ता जात नाही. वीस वर्षांपूर्वी अंबरनाथला गेलेला माणूस अजून कागदावर कोपरीत, पाडून टाकलेल्या खोली नंबर सातमध्ये राहतो. मत द्यायला येतो, जुन्या दुकानात चहा पितो आणि निघून जातो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वाटलं ते फक्त माझ्या बाबांना. ते टेम्पोत चढता चढता म्हणाले, "जिथे झोपतो तिथला पत्ता. कागदावर खोटं लिहायचं नाही."

बाबा पालिकेच्या पाणी खात्यात होते. चावीवाला. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे आणि चावी फिरवून त्या त्या गल्लीला पाणी सोडायचे. ठाण्याच्या कुठल्या रस्त्याखालून कुठली लाइन जाते, ती कुठे वळते, कुठे गळते, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. वेळेआधी पाच मिनिटं सोडा, म्हणून लोक मिठाईचे पुडे घेऊन घरी यायचे. बाबा पुडा परत पाठवायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्यावर दिवसभर चिडून असायचो. टिटवाळ्याला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला रांगेत उभं करून दोघांची आधार कार्डं बदलून घेतली. तेव्हाही मी चिडले होते, पण रांग मोठी होती म्हणून.

आम्ही का गेलो, ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. आईच्या आजारपणात खोली विकावी लागली. चाळ पुन्हा बांधायची बोलणी तेव्हा नुसती हवेत होती, आमच्याकडे थांबायला वेळ नव्हता. आई त्यानंतर चार महिनेच राहिली. मग चाळ पडली, टॉवर झाला, सविताला त्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मिळायलाच हवा होता, ती थांबू शकली. मी तिच्यावर जळत नाही. बरं, थोडी जळते. ती लिफ्टने खाली उतरते आणि दोन मिनिटांत मिठबंदर रोडला पोचते, याच्यावर जळते.

धावायला मी लागले अडतिसाव्या वर्षी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते, दिवसभर स्टुलावर. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे. मी सलवार-कमीज आणि कॅनव्हासच्या बुटांत सुरुवात केली. सविता गॅलरीतून ओरडायची, "रंजू, कुत्रं लागलंय का गं मागे?" अख्खी चाळ हसायची. वर्षभरानंतर पहिल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं मेडल गळ्यात घालून आले, तर तीच चाळ ते मेडल हातात घेऊन वजन बघत होती. बाबांनी दाराच्या आतल्या भिंतीवर खिळा ठोकला. पुढच्या सात वर्षांत त्याच भिंतीवर आणखी सहा खिळे ठोकावे लागले.

टिटवाळ्याला धावणं म्हणजे काय, ते कोपरीत राहणाऱ्यांना कळायचं नाही. स्टेशनजवळ रिक्षा, पुढे खड्डे, त्याच्यापुढे नव्या इमारतींची खडी आणि तिथून पुढे गोवेलीच्या रस्त्याला अंधार. दिवे आहेत, लागत नाहीत. अंगारकीला तर पहाटेपासून देवळाकडे माणसांची रीघ. मी एकटी उलट्या दिशेने धावत असते आणि अनवाणी चाललेली माणसं माझ्या महागड्या बुटांकडे बघतात. पहिलं वर्ष मी रागातच धावले. प्रत्येक खड्ड्यावर राग, प्रत्येक कुत्र्यावर राग, आणि मिठबंदरला हे नव्हतं, मिठबंदरला ते नव्हतं, ही एकच टकळी. गंमत अशी, की रागाने माझा वेग वाढला. कोपरीत मला दहा किलोमीटरला बासष्ट मिनिटं लागायची. टिटवाळ्याच्या चढांवर ती पंचावन्नवर आली.

आता त्या शर्यतीचं सांगते.

ठाण्यात थंडीत दहा किलोमीटरची एक शर्यत होते. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करू? कुठल्याशा बिल्डरची स्पॉन्सरशिप, मोठ्ठी कमान, पहाटे पाचपासून कानठळ्या बसवणारी गाणी आणि स्टेजवर एक माइकवाला. "कम ऑन ठाणे! आवाज नहीं आ रहा!" अरे बाबा, पहाटेचे पाच वाजलेत, लोकांच्या घरात लहान मुलं झोपलीत, आवाज कशाला यायला हवा? त्यात बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या दिवशी देत नाहीत. आदल्या दिवशी घोडबंदरच्या मॉलमध्ये स्वतः जाऊन, आधार दाखवून घ्यायचा. टिटवाळ्याहून तिथे जाऊन परत यायचं म्हणजे शनिवार गेला. बिबसाठी तासभर रांग, आणि टी-शर्ट कुठला? एक्सेल. मिडियम संपले. मिडियम दरवर्षी माझ्या आधी संपतात.

तरी मी ती शर्यत सोडत नव्हते, कारण तिचा रस्ता कोपरी पुलावरून पूर्वेला येतो आणि आपल्या वस्तीसमोरून वळून परत जातो. तिथे सविता उभी असते, मावशी उभ्या असतात. तेवढे दोनशे मीटर मला धाप लागत नाही.

परवाच्या वर्षी शर्यतीच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला. 'ठाणेकर विशेष गट: हो / नाही.' वयाप्रमाणे वेगळं बक्षीस. मी फॉर्म मोबाइलवर भरत होते, बाबा शेजारी बसले होते. पत्ता आला तेव्हा मी टिटवाळ्याचा लिहिला. ठाणेकर आलं तेव्हा मी थांबले आणि बाबांकडे बघितलं. बाबा जरा चिडूनच म्हणाले, "विचारतेस काय? आपण ठाण्याचे नाही तर कुठले?" मी 'हो'वर बोट ठेवलं. एकाच फॉर्मवर दोन्ही गोष्टी खऱ्या लिहिणारी माणसं त्या अख्ख्या शर्यतीत आम्हीच असणार. बाकी सगळे शहाणे होते.

पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांत मला संधी आहे, हे मला दिसत होतं. आदल्या वर्षीचे आकडे मी पाहून ठेवले होते. बाबांना मी पहिल्यांदाच म्हटलं, या वेळी तुम्ही चला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पहाटेच्या पहिल्या गाडीने, स्वेटरवर स्वेटर घालून, इस्त्रीची पँट घालून आले. मैदानात त्यांना एका खुर्चीवर बसवलं आणि मी कमानीखाली जाऊन उभी राहिले.

मी कशी धावले ते लिहीत बसत नाही. कोपरीच्या वळणावर सविता किंचाळली, "रंजू, पुढे कोणीच नाय गं तुझ्या वयाची! पळ!" आणि मी पळाले. परतीच्या पुलाचा चढ मी टिटवाळ्याचा चढ समजून चढले. चोपन्न मिनिटांत आत आले. अर्ध्या तासाने माइकवर नाव आलं. ठाणेकर महिला, पंचेचाळीस वर्षांवरील, प्रथम क्रमांक, रंजना. पुढचं आडनाव त्याने चुकीचं वाचलं, ते जाऊ दे. मी वळून बघितलं तर बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझी मुलगी. कोपरीची."

स्टेजच्या मागे एक टेबल होतं. बक्षीस घेण्याआधी तिथे कागद दाखवायचे. टेबलामागे जाकीट घातलेला, साधारण माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता, गळ्यात ओळखपत्राची निळी नाडी. त्याने माझं आधार हातात घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"मॅडम, ॲड्रेस टिटवाळ्याचा आहे. ही कॅटेगरी लोकल लोकांसाठी आहे."

मी म्हटलं, "मी कोपरीत जन्मलेय. शाळा, कॉलेज सगळं इथलं. आता पाच वर्षं फक्त तिकडे राहायला गेलोय."

"जन्माचा प्रश्न नाहीये मॅडम. राहता कुठे? रूल म्हणजे रूल. बाहेरच्यांसाठी ओपन कॅटेगरी आहे ना."

बाहेरच्यांसाठी. हा शब्द त्याने अगदी सहज वापरला, काही लागेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आदल्या दिवशी हेच आधार बघून यांनीच मला बिब दिला होता. तेव्हा कोणाला टिटवाळा दिसला नाही. फी घेताना दिसला नाही, एक्सेलचा टी-शर्ट गळ्यात मारताना दिसला नाही. माइकवर नाव पुकारून झाल्यावर, माझा म्हातारा बाप खुर्चीवरून उठल्यावर दिसला. मी हे सगळं तिथल्या तिथे त्याला ऐकवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा तिथे पोचले.

आणि मग जे झालं, त्याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही. बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत त्यांचं पालिकेचं जुनं ओळखपत्र होतं, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी जपलेलं. ते दोन्ही हातांनी पुढे धरून, मान जरा वाकवून, बाबा म्हणाले, "साहेब, मी इथलाच आहे. पाणी खात्यात होतो. छत्तीस वर्षं ह्या भागाला पाणी मी सोडलेलं आहे. ही माझी मुलगी."

मी जन्मात बाबांना कोणापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं. आईला बेड मिळत नव्हता तेव्हाही नाही. नगरसेवक दारात आला तरी बाबा बनियनवरच बोलायचे, तेही बसल्या जागेवरून.

त्या माणसाने ओळखपत्राकडे बघितलंही नाही. म्हणाला, "काका, पाण्याचा इथे काय संबंध? प्लीज, बाजूला उभे राहा, पुढच्यांना येऊ द्या."

मी बाबांच्या हातातलं ओळखपत्र काढून घेतलं, पिशवीत घातलं, पिशवी त्यांच्या खिशात घातली. त्या माणसाला एक शब्द बोलले नाही. का बोलले नाही? लॅबमध्ये चुकीचा रिपोर्ट दिला म्हणून मॅनेजरला सगळ्यांसमोर सुनावलेली मी, रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडणारी मी. पण तिथे तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या जाकिटासमोर मला रडायचं नव्हतं. हे कारण आहे. पुरेसं नाही, मला माहीत आहे.

बक्षीस दुसऱ्या नंबरच्या बाईला गेलं. घोडबंदरला कुठल्यातरी संकुलात राहते, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली. आधार ठाण्याचं. ती स्टेजवरून उतरून मला शोधत आली आणि म्हणाली, "दीदी, आप मुझसे डेढ़ मिनट आगे थीं. ये आप रखो." खरंच ट्रॉफी पुढे करत होती. मी घेतली नाही. तिच्यावर रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण ती बिचारी तिच्या पत्त्यावर राहते आणि तोच पत्ता लिहिते. बाबांच्या नियमाने तीही बरोबरच.

 परतीच्या गाडीत कल्याण सुटल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आधार मी बदलायला लावलं तुला." मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा." खरं तर मला ओरडायचं होतं. होय, तुम्ही लावलंत! सगळी चाळ सांगत होती, बदलू नका. तुमच्या खरेपणाने आम्हाला लहानपणी मिठाई मिळाली नाही आणि आता हे. पण त्यांचे हात स्वेटरच्या बाह्यांत होते आणि ते फार थकलेले दिसत होते.

गेल्या वर्षी मी ती शर्यत धावले नाही. त्या रविवारी गोवेलीच्या रस्त्याला एकटीच दहा किलोमीटर धावले, घड्याळही लावलं नाही. सविताने फोन करकरून डोकं खाल्लं, मी उचलला नाही. तिचा काही दोष नव्हता, पण ती अकराव्या मजल्यावरून फोन करत होती.

या वर्षी फॉर्म सुटले तशी ती थेट टिटवाळ्याला घरी आली. चहा ठेवायच्या आधीच तिने सांगितलं. "हे बघ, मी ह्यांच्याशी बोललेय. माझ्या फ्लॅटचा भाडेकरार करायचा तुझ्या नावाने. नुसता कागद गं. त्याच्यावर आधार बदलून मिळतं. सगळे करतात. तू काय चोरी करतेयस? तू आहेसच ना कोपरीची!"

मी बाबांकडे बघितलं. आता ते वाक्य येईल, कागदावर खोटं लिहायचं नाही, म्हणून मी वाट बघत होते. सविताही वाट बघत होती, तिने तर उत्तर तयार ठेवलं असणार.  बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "करून घे. सविता म्हणते तसं कर."

 गल्लीतल्या लोकांच्या मिठाईने जे झालं नाही, आईच्या आजारपणाने झालं नाही, चाळ पडून झालं नाही, ते त्या टेबलामागच्या माणसाने एका वाक्यात करून दाखवलं होतं. एक ट्रॉफी गेली, ठीक आहे, ट्रॉफ्या बनतात. पण माझ्या बाबांना स्वतःच्या खरेपणाची लाज वाटायला लावली, हे मी विसरणार नाही. हे विसरायला मला कोणी सांगूही नका. "सोड ना आता" असे मेसेज मला पुष्कळ येतात. नाही सोडणार.

आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, आता घर कुठलं समजायचं? जिथे झोपतो ते, की जिथे नाव घेऊन हाक मारणारं कोणी आहे ते? मी सात वर्षं या प्रश्नावर रडगाणं गायले. आता मला तो प्रश्नच खोटा वाटतो. टिटवाळ्याच्या रस्त्याने मला वेग दिला, त्याचं नाव मी लपवणार नाही. आणि ठाण्यात मला बाहेरची ठरवायला त्या माणसाला कागद उलटावा लागला, नुसतं माझ्याकडे बघून त्याला ते म्हणता आलं नाही. दोन्ही माझी घरं आहेत आणि दोन्ही मी भांडून ठेवणार आहे.

मी सविताला चहा दिला आणि तिच्यासमोर, बाबांच्या शेजारी बसून मोबाइलवर फॉर्म उघडला. पत्ता लिहिला, टिटवाळा. खाली तोच रकाना आला आणि मी 'हो'वर बोट ठेवलं.

सविता म्हणाली, "अगं वेडी आहेस का? परत काढतील तुला."

"काढू दे. या वेळी त्या टेबलाशी मी बोलणार आहे."

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा लावून पूर्ण फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, आणि परत देताना म्हणाले, "बरोबर आहे. पाठव."